एका खांबावरच्या दोन वायरी

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. म्हणजे भिंतीवरची ती काळी डबी, जिच्याकडे नेट बंद पडल्याशिवाय कुणी बघत नाही. पण मी साधा राउटर नव्हे. दोन कंपन्यांच्या दोन वायरी माझ्या पाठीत येतात. मी त्यांना एकत्र जोडतो, काम दोघींत वाटतो, आणि एक मेली तर सगळं ओझं दुसरीवर टाकतो. एकत्र कुटुंबातही असंच चालतं, फक्त तिथं दिवे लुकलुकत नाहीत.

माझं तरुणपण कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात गेलं. काम इतकं चोख की चार वर्षांत मी तिथं आहे हेच कुणाला कळलं नाही. नवा राउटर आल्यावर तिथं ड्रॉइंग काढणाऱ्या अर्जुनाने मला पिशवीत घातलं आणि आष्ट्याजवळच्या आपल्या वस्तीवर नेलं. त्याला घरून काम करायचं होतं. पिशवीत सोबतीला अर्धा किलो भडंग होतं. माझ्या एका फटीत अजून शेंगदाण्याचं साल आहे.

अर्जुनाचा बेत चांगला होता. एक वायर रस्त्याच्या खांबावरून आणायची, दुसरी मागून, मागच्या घरच्या गुंडाच्या परड्यातून, म्हणजे परसातून. पण गुंडा म्हणजे भावकी. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून अकरा वर्षं बोलणं बंद. अर्जुनाचे वडील नानासो म्हणाले, "भावकीच्या परड्यातनं आपली वायर यायची न्हाई. दोन्ही एकाच खांबावर बांध. एकीला दुसरीची सोबत."

मला फक्त लुकलुकता येतं. 'नको' म्हणायला मी जीव तोडून लुकलुकलो. नानासो म्हणाले, "बघ, कसं झ्याक चाललंय."

मग अर्जुनाला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. आत्या सोनम जर्मनीत नर्स. तिने नाव ठरवलं होतं, पण आईलाही सांगत नव्हती. "आधी तिच्या कानात, मग तुमच्या." त्या दुपारी तिला कामातून दहाच मिनिटं मिळणार होती. वस्तीवर मोबाईलला रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. शेजारच्या लीलाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. थोडं आतही गेलं.

सोनम पडद्यावर आली. अर्जुनाने मोबाईल बाळाच्या कानाशी धरला. "कुर्रर्र..." सोनम म्हणाली, आणि रस्त्यावरून डोंगराएवढी भरलेली उसाची ट्रॉली गेली. तिने एकाच हिसक्यात दोन्ही वायरी नेल्या. सोबतच.

तेवढ्यात परड्याच्या भिंतीवर गुंडाचं डोकं वर आलं. "नानासो, माजं नेट चालू हाय. बाळाला घिऊन या की हिकडं."

सगळे नानासोंकडं बघू लागले. त्यांची बायको तानुबाई म्हणाली, "आवं, जाऊया की. पोरगी तिकडं वाट बघतिया."

नानासोंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला वाटलं, निघाले.

"जेवणं थंड व्हायलीत," ते म्हणाले.

दहा मिनिटं सरली. शेवटी लीलाबाईंनी सुचलं ते नाव बाळाच्या कानात सांगितलं. परी. वस्तीवर आता पाच पऱ्या आहेत, त्यातली एक म्हैस आहे.

संध्याकाळी वायरी जोडल्या. त्याच खांबावर. सोनमचा फोन आला तेव्हा तानुबाईंनी विचारलं, "काय ठिवणार हुतीस गं?"

"ऱ्हाऊ दे आई. परी बी चांगलं हाय."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. ते न बोलणं मी न तुटता पोचवलं.

मित्रांनो, गुड मॉर्निंगची लाखो फुलं मी आजवर या घरात आणली. एकही वाटेत पडलं नाही. एक नाव तेवढं आणता आलं नाही. म्हणून सांगतो, दोन वायरी घ्याल तर दोन वाटांनी आणा. एखादी वाट भावकीच्या परड्यातून जात असेल, तर आधी तिथं जाऊन चहा पिऊन या.

परी आता रांगत माझ्या खाली येते आणि वर बघत बसते. मी लुकलुकतो. तिला वाटतं, मी काहीतरी सांगतोय. तिला सांगायचं ते नाव माझ्यापर्यंत पोचलंच नाही.