अडीचशे अँपिअर

प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हता. कुणाच्याही गाडीत काही बिघडलं की आधी याचं भाषण व्हायचं, म्हणून मित्रांनी ठेवलेलं ते नाव. त्याला ते मनापासून आवडायचं, तिथेच खरी मेख होती.

बाबांना अर्धांगवायू झाल्यावर त्यानं आपल्या जुन्या व्हॅनमध्ये त्यांच्यासाठी बदल करून घेतले. मागच्या दारात विजेवर चालणारी लिफ्ट बसवली. खुर्ची फळीवर ढकलायची, बटण दाबायचं, बाबा अलगद वर. एवढ्यावर थांबला असता तर तो प्रोफेसर कसला? आत पंखा आला, दिवे आले, आणि बाबांना जुनी गाणी ऐकता यावीत म्हणून असा ॲम्प्लिफायर आला की शेजारच्यांच्या खिडक्या थरथराव्यात. मग बॅटरी वरचेवर बसायला लागली. चालत्या इंजिनावर वीज तयार करणारा मूळचा अल्टरनेटर इतक्या तोंडांना पुरेना.

ताईचे यजमान गाड्यांचं वायरिंग करायचे. वीस वर्षं तेच काम, आणि बोलणं मोजकं. त्यांनी प्रोफेसरला समोर बसवून समजावलं.

"हे बघ, लिफ्ट कधी चालते? गाडी उभी असताना. तेव्हा इंजिन मंद फिरत असतं. त्या वेळी अल्टरनेटर किती करंट देतो, तेवढंच बघायचं. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस."

त्यांनी एक मॉडेल कागदावर लिहून दिलं. जास्तीत जास्त दीडशे अँपिअर, पण मंद इंजिनावरसुद्धा नव्वद.

दीडशे! मित्रांच्या ग्रुपवर दीडशेचा फोटो टाकायचा? प्रोफेसरनं अडीचशेचा मागवला. त्याच्यासोबत कंपनीच्या चाचणीचा कागद आला. इंजिन जोरात असताना अडीचशे, मंद असताना पंचेचाळीस. नाव मोठं, लक्षण खोटं. प्रोफेसरनं तो कागद वाचला, दोनदा वाचला, घडी घालून कपाटात टाकला आणि फोटो ग्रुपवर टाकला. लिफ्टच्या वेळी जरा रेस देऊ, त्यात काय, असं त्यानं स्वतःला पटवलं.

बुजुर्गांच्या मेळाव्याच्या दिवशी सकाळी भाऊजी अल्टरनेटर बसवायला आले. बाबा ज्या कारखान्यात फोरमन होते, तिथली जुनी माणसं दुपारी जमणार होती.

"हा तो नाही," भाऊजी म्हणाले.

"तो संपला होता. हा त्याच्याहून भारी आहे, उभ्या गाडीतही शंभर देतो."

"टेस्टचा कागद आला असेल ना?"

"नाही आला."

इतकं सोपं होतं ते. भाऊजींनी मेहुण्याचा शब्द मानला, जाड केबल टाकली, एकेक जॉइंट ओढून पाहिला. मग मीटर लावून बघतो म्हणाले, तर प्रोफेसरनं घाई केली. बाबा कपडे करून कधीचे बसले होते. भाऊजीही सोबत निघाले.

कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. अर्धा तास इंजिन मंद चालू, पंखा चालू, दिवे चालू, गाणी चालू. रेस द्यायचं प्रोफेसरच्या ध्यानातच राहिलं नाही. तो खिडकीतून लोकांना हात करत होता. नंबर लागला, तीसेक जण बाबांच्या स्वागताला पुढे आले. लिफ्ट बाहेर सरकली, निम्मी खाली आली आणि बंद पडली. बाबा सगळ्यांच्या छातीच्या उंचीवर लटकून राहिले. झटक्यानं मांडीवरची चादर घसरली आणि लघवीची पिशवी उघडी पडली. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं एकेकाळी यंत्रांवरची माणसं सरळ उभी राहत, त्याच्याकडे त्याच माणसांना बघवेना.

"भाऊजी, जॉइंट ढिला ठेवलात ना?" प्रोफेसर ओरडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "एक काम नीट होत नाही तुमच्याच्यानं!"

भाऊजी तोवर, वीज नसताना लिफ्ट हलवायच्या हातपंपापाशी पोहोचले होते. दांडा मारून मारून त्यांनी बाबांना खाली आणलं आणि आधी चादर सारखी केली.

"माझंच काही राहिलं असेल," ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "जावईबापू, यापुढे माझ्या गाडीला हात लावू नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच, आणि चोर तिथेच उभा राहून मान डोलावत होता.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. भांडायला केला असता तर बरं झालं असतं. "अरे, यांना काय सांगू रे? दोन दिवस धड जेवले नाहीत. एकेक जॉइंट आठवून बघतायत. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाले, 'दुसरीकडे दाखवा, माझा हात चुकायला लागलाय.'"

प्रोफेसरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवून तो बराच वेळ कपाटापुढे उभा राहिला. चाचणीचा कागद फाडून टाकला तर कुणाला कळणार नव्हतं, हा विचारही येऊन गेला, आणि त्याची त्याला आणखी लाज वाटली. शेवटी तो कागद घेऊन बाबांसमोर गेला आणि सगळं सांगितलं.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. आयुष्यभर आकडे वाचलेला माणूस, त्यांना समजवावं लागलं नाही.

"हे तू बसवायच्या आधी वाचलं होतंस?"

"हो."

"आणि मला लटकलेलं बघून त्याच्यावर ओरडलास?"

"हो, बाबा."

"मला त्याच्याकडे घेऊन चल."

भाऊजींच्या वर्कशॉपपुढे व्हॅन थांबली तेव्हा ते एका बॉनेटखाली वाकलेले होते. खुर्ची उतरवताना ती कलली. भाऊजी आधाराला धावले, हात पुढे केला, आणि मग एकदम आठवल्यासारखा मागे घेतला. ते पाहून प्रोफेसरनं मान खाली घातली.

बाबांनी चालता हात कपाळापाशी नेला. "मी काही न विचारता तुम्हाला बोललो. चुकलो मी."

"अहो बाबा, हे काय करताय!"

बाबांनी कागद त्यांच्यापुढे धरला. भाऊजींनी हात पुसून तो घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"म्हणजे जॉइंट ठीक होता माझा," ते म्हणाले.

बस, एवढंच. प्रोफेसर शिव्यांची वाट बघत होता, एखादी थप्पडही त्यानं गोड मानून घेतली असती. पण भाऊजींच्या चेहऱ्यावर नुसती सुटका होती, आणि ती त्याला सोसवेना.

"भाऊजी, मला माफ करा."

"ते इथे चार भिंतींत म्हणू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून जुनी डायरी काढली. "तीस माणसांपुढे ओरडला होतास. तीसही जणांचे नंबर आहेत. बस त्या स्टुलावर आणि लाव फोन."

प्रोफेसर बसला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"काका, मी फोरमनसाहेबांचा मुलगा. त्या दिवशी लिफ्ट अडकली होती ना..."

"हो हो, जावयानं काम बिघडवून ठेवलं होतं! काय रे एकेक माणसं. माझ्या मुलाची गाडी त्याच्याकडेच जायची, बंद करायला सांगितली मी."

फोन जुना होता, आवाज मोठा. भाऊजींनी ऐकलं आणि ते हातातला पाना उगाच पुसत राहिले.

"नाही काका," प्रोफेसर म्हणाला. "जावयानं नाही. मी बिघडवलं. मला माहीत होतं, तरी मी त्यांचं नाव घेतलं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाबांनी पान उलटलं आणि दुसरा नंबर वाचायला सुरुवात केली.