ऑकलंड ते सापगाव

कुंडलिकने तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी मुरबाड-कल्याण मार्गावर. गाडी वेळेत पोचवणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव होतं. म्हणून मुलगी तीन वर्षांनी न्यूझीलंडहून घरी यायची ठरली, तेव्हा वेळेचा हिशोब त्यानेच केला.

अक्षदा ऑकलंडला नर्स होती. फोनवर तिने सांगितलं, "बाबा, मुंबई बारा हजार तीनशे किलोमीटर. सिंगापूरला विमान बदलायचं. थांबा धरून एकोणीस तास. बुधवारी पहाटे एकला निघतंय. तुमी उगाच येऊ नका, मी टॅक्सीने येते."

"बरं बरं," कुंडलिक म्हणाला. फोन ठेवल्यावर बायकोला, सकुबाईला, त्याने हळूच सांगितलं, "आपण जायचंच. एकात एकोणीस, म्हंजे बुधवारी संध्याकाळी आठ. चारला निघालो तरी सातला विमानतळावर. दारातच उभं राहू."

बुधवारी शेजारच्या शेखरची जीप मागून आणली. सकुबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, करवंदांचा डबा मांडीवर घेतला. पावणेचारला कुंडलिक चावी फिरवणार, तोच फोन वाजला.

"बाबा, मी पडघ्याला पोचले. अर्ध्या तासात घरी येते."

"पडघ्याला? अजून आठ कुठं वाजले?"

"आठ तिकडचे हो. आपलं घड्याळ साडेसहा तास मागं. विमान दीडलाच उतरलं."

कुंडलिकने फोन ठेवून बायकोला सांगितलं. सकुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तीस वर्षांत तुमची गाडी लेट झाली नाय, आणि आज पोरगीच्या वेळेला झाली?"

"लेट कुठं? अजून सुटलीच नाय," असं म्हणून त्याने जीप काढली आणि शहापूरच्या फाट्यावर नेऊन उभी केली. वीस मिनिटांनी टॅक्सी आली. अक्षदा उतरली ती धावतच. सकुबाईला मिठी मारताना डबा खाली पडला आणि करवंदं रस्त्याकडेला सांडली. दोघी रडत रडत ती वेचत बसल्या. कुंडलिकने बॅगा जीपमध्ये चढवल्या आणि उगाचच बराच वेळ त्या नीट लावत राहिला.

"या जीपनं मला न्यायला मुंबईला येणार होतात?" अक्षदाने विचारलं.

"तू नको म्हणालीस म्हणून सांगितलं नाय."

ती पुढे बापाशेजारी बसली. दोन करवंदं खाल्ली, तिसरं हातात घेतलं आणि झोपलीसुद्धा. मान हळूहळू बापाच्या खांद्यावर आली.

सापगाव आलं. घर आलं. कुंडलिकने जीप थांबवली नाही.

"अवो, घर मागं गेलं की," सकुबाई मागून म्हणाली.

"झोपू दे गो तिला. पुलापर्यंत एक फेरी मारून येऊ."

सकुबाईने करवंदांचा डबा पुन्हा उघडला आणि एक नवऱ्याच्या हातावर ठेवलं. जीप दुसऱ्या गियरमध्येच चालत राहिली.