पांढरी फुली

"आधिऊ मावशी, फुली पसर! विमान निघालंय, रेडिओवर सांगितलं," मायोम खंदकाकडे पळता पळता ओरडला.

"तुझा रेडिओ काय आपल्यालाच ऐकू येतो होय रे? बॉम्ब टाकणाऱ्यांनाही कान आहेत," आधिऊ करवादली. पण कापड उचलून ती माळाकडे निघाली.

माळावर पांढऱ्या कापडाची भलीमोठी फुली घातली, की धान्याच्या विमानाला पोती कुठे टाकायची ते कळे. गावात हे काम आधिऊचं. पंचाईत एवढीच, की बॉम्ब टाकणाऱ्या विमानालाही तीच फुली दिसे. मागच्या उन्हाळ्यात पोती पडणार म्हणून तिची लेक न्यिबोल माळावर धावली आणि आभाळातून भलतंच पडलं. तेव्हापासून विमानाचा आवाज आला, की न्यिबोलची पोरकी लेक आयाक घरामागच्या खड्ड्यात शिरून बसे. गेले दोन दिवस आजी-नातीच्या पोटात उकडलेल्या पाल्याशिवाय काही नव्हतं.

घरघर ऐकू आली. वाऱ्याने फुलीचा एक कोपरा उचलला, त्यावरचा दगड गडगडला. आधिऊ त्या कोपऱ्यावर बसली.

"मावशी, पळ की गं!" मायोम खंदकातून म्हणाला.

"कोपरा कोण धरील मग, तुझा बाप?"

बोलली खरी, पण जीव मुठीत धरून बसली होती. विमानाने माथ्यावर घिरटी घातली आणि ते पार खाली आलं. तिने डोळे गच्च मिटले आणि लेकीचं नाव घेतलं.

धप्प झालं. पुन्हा धप्प. स्फोट मात्र झाला नाही. डोळे उघडले तर माळभर पोती पडत होती.

संध्याकाळी तिने खापरावर ज्वारी भाजली आणि खड्ड्याच्या तोंडाशी वाकली.

"आयाक, वर ये गं. गेलं ते."

पोर काही वर येईना. शेवटी आधिऊच गुडघे धरत आत उतरली आणि तिला भरवू लागली.

"आजी, परत येईल ते?"

"येऊ दे बाई. नाही आलं तर खायचं काय?"

आयाकने घास गिळला आणि आजीच्या लुगड्याचं टोक घट्ट धरलं. "मग तेव्हा तू इथंच बस. माझ्याजवळ."

आधिऊने पोरीच्या तोंडात आणखी चार दाणे घातले.