एलरगार्थचे

टास्मानियाच्या डोरीनबाईंच्या पत्राला विल्फ्रेडने उत्तर दिलं नव्हतं, आणि दाढी करताना, चहा गाळताना, पुस्तकाचं पान उलटताना ते त्याला हटकून आठवायचं. पत्र येऊन दोन हिवाळे झाले होते. बाईंचं आडनावही त्याचंच, एलरगार्थ. त्यांनी विचारलं होतं एवढंच, की बाबांचे पणजोबा जोनस तुमच्याच घराण्यातले का? तिकडे गावात पिढ्यान्‌पिढ्या चिडवतात, की यांचं आडनाव उसनं. जोनस कुणाचा कोण, धन्याचं नाव लावून जहाजात चढला. बाबा आता फार थकलेत. जन्मभर लावलेलं नाव आपलं होतं की नाही, हे डोळे मिटण्याआधी कळावं अशी त्यांची इच्छा आहे.

उत्तर इंग्लंडातल्या त्या डोंगरी खोऱ्यात एलरगार्थ आडनावाचा आता विल्फ्रेड एकटाच उरला होता. उभा जन्म केंडलच्या वाचनालयात गेला. लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर तो या आडनावाच्या मागे लागला, आणि ते त्याला कुठल्या कुठे घेऊन गेलं. ओढ्याकाठची झाडी तोडून कुणी तरी मेंढ्यांसाठी एक वाडगं बांधलं, त्याला एलरगार्थ म्हणू लागले. मग करवसुलीच्या एका जुन्या यादीत ‘एलरगार्थचा विल्यम’ उगवला. पुढे या नावाचे कुणी लोकर विणायला केंडलला उतरले, कुणी लँकशरच्या गिरण्यांत गेले, कुणी लिव्हरपूलहून बोटीत बसले. कॅनडाच्या बर्फात या नावाचा एक सुतार पुरलेला होता. एवढ्याशा वाडग्याचं नाव साता समुद्रांपार पोहोचलं, याचं विल्फ्रेडला इतकं नवल वाटे, की कधी कधी तो नकाशा मिटून नुसता बसून राही.

पण जोनसचं उत्तर त्याला पहिल्याच महिन्यात सापडलं होतं, आणि तेच नको होतं. जोनस हा बापाच्या नावाशिवाय बाप्तिस्मा झालेला पोर. शेतमजूर ठरवायच्या जत्रेतून एलरगार्थच्या धन्याने त्याला गडी म्हणून आणलेलं. रक्ताचा काही संबंध नाही. खोटं लिहिणं विल्फ्रेडच्या हातून होणार नव्हतं, आणि मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याला खरं कळवायला हात धजत नव्हता. त्यातून पुढे खणता खणता त्याच्या स्वतःच्याच पायाखालची जमीन सरकली. जुने एलरगार्थ कधीच निर्वंश झाले होते. त्यानंतर टॉमस बर्ड नावाचा कुणी परका एलरगार्थचं शेत कसायला आला, आणि त्याच्या नातवंडांच्या नावापुढे एलरगार्थ लागलं. विल्फ्रेड त्या बर्डचा वंशज. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळा भरला. डोंगरावर कुंपण नसतं. चुकून दुसऱ्याच्या कळपात शिरलेल्या मेंढ्या त्या दिवशी खानावळीमागच्या मेंढवाड्यांत आणून ज्याच्या त्याला परत करतात. विल्फ्रेड जाणार नव्हता. पण शेजारचा आयझॅक टॉड दारात येऊन उभा राहिला. घरात बसून बसून तुला बुरशी धरेल, म्हणाला, आणि तिथलं मटण-बटाट्याचं कालवण संपलं तर मला बोल लावू नकोस.

वाड्यांपाशी चिखल, कुत्री आणि ओल्या लोकरीचा वास होता. आयझॅक एकेक मेंढी पायांत दाबून धरी, कान चाचपी, पाठीवरचा रंग बघे आणि शेताचं नाव पुकारी. माणसाचं नाव कुणी घेतच नव्हतं.

“पाठीवर लाल पट्टा, डाव्या कानाला खाच. एलरगार्थ!”

विल्फ्रेडच्या तोंडून नकळत “ओ” निघून गेली. त्याच क्षणी पलीकडून एका बाईचा आवाज आला, “आले, आले!”

सगळे खो खो हसले. “तुझी असेल तर घेऊन जा बाबा,” आयझॅक म्हणाला. “पण पुस्तकं खाईल हं तुझी.”

विल्फ्रेड कानापर्यंत लाल झाला. बाई चिखल तुडवत आली, तिने मेंढीच्या मानेखाली हात घातला आणि तिला सहज आपल्याकडे ओढलं. ही हालिना. पोलंडातल्या डोंगरांतून मेंढ्यांच्या वेताच्या हंगामात कामाला आलेली. दोन वर्षांपूर्वी एलरगार्थचं म्हातारं कूळ थकलं, तेव्हा शेत तिने कसायला घेतलं. शेताबरोबर कळपही आला, कारण तो कळप तिथून हलवता येत नाही. कुठवर आपलं रान, हे तिथल्या प्रत्येक कोकराला आईमागे हिंडून कळतं. माणसं बदलतात, मेंढ्या तिथेच राहतात. तिच्या धुराड्याचा धूर दिसला की विल्फ्रेडला आत कुठे तरी टोचायचं, म्हणून तो त्या वाटेला फिरकला नव्हता.

“तुम्ही एलरगार्थचे ना?” तिने विचारलं. “मग कधी आला नाहीत घरी?”

“मी खरं तर तिथला नाही,” तो म्हणाला, आणि आपण हे बोललो कसे याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. “आमचा मूळ पुरुष बाहेरून आला. बर्ड नावाचा.”

“कधी?”

“तीनशे वर्षं होत आली.”

हालिनाने मेंढीवरून मान वर केली. “म्हणजे माझ्या थोडं आधीच की!” ती म्हणाली, आणि दोघंही हसले. मग तिने सांगितलं, की तिचं खरं आडनाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना. पहिला हिवाळा सरायच्या आत सगळ्यांनी नाद सोडला. आता पोस्टमनसुद्धा हालिना एलरगार्थ म्हणतो. आधी राग यायचा. आता कुणी हाक मारली की पाय आपोआप वळतात.

जे विल्फ्रेड यादीयादींतून, मेलेल्या माणसांच्या नावांतून हुडकत होता, ते इथे भर दुपारी, चिखलात, त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. आडनाव जन्माला येत होतं. त्या पहिल्या विल्यमलाही असंच कुणी तरी हाकारलं असेल, आणि बर्डलाही; आणि गडी म्हणून मेंढ्या न्यायला आलेल्या पोरक्या जोनसलाही, ज्याला तोवर कुणी अमक्या घरचा म्हटलं नव्हतं. वाडगं जिथल्या तिथे होतं. कोण कुठून आला हे त्याने कधी विचारलं नव्हतं. येणाऱ्याला नाव द्यायचं, जाणाऱ्याबरोबर ते जाऊ द्यायचं, आणि डोंगर वर नुसता उभा. आपण शेवटचे, असं विल्फ्रेड इतकी वर्षं समजत आला होता. त्याने टोपी काढली, का ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहायला बसला. काल पाहिलं तो काही पुरावा नाही, असं मन सारखं म्हणत होतं. दोन कागद फाडले. डोरीनबाईंचे वडील आता असतील का, या विचाराने हात थांबला, आणि मग त्याच विचाराने भरभर चालू लागला. त्याने काहीही लपवलं नाही. जोनसच्या बापाचं नाव कुठे मिळत नाही, तो गडी होता, आपलं रक्ताचं नातं नाही, हे सगळं लिहिलं. बर्डचं लिहिलं, हालिनाचं लिहिलं. शेवटी लिहिलं:

“तुमच्या वडिलांना सांगा, नाव उसनं नाही. ते इथली जमीन देते, आणि परत मागत नाही. जोनसला ते जसं मिळालं तसंच माझ्या पूर्वजाला मिळालं, आणि काल एका बाईला मिळताना मी स्वतः पाहिलं. इथे एलरगार्थ म्हणून हाक आली, तर तुमच्या वडिलांनी खुशाल ओ द्यावी.”

वाचून पाहिलं तर पुन्हा शंका आली असती, म्हणून त्याने वाचलंच नाही. पाकीट चिकटवलं आणि कोट न घालताच निघाला. टपालपेटी दगडी भिंतीत बसवलेली होती. पाकीट निम्मं आत गेलं तरी बोटं सुटेनात. मागून कुणाची तरी गाडी आली, चालकाने हात केला. विल्फ्रेडनेही उलटून तोच हात केला, आणि पाकीट आत पडलं.