जुन्या घाटातला लाल दिवा

बाबा हल्ली फोन करत नाहीत, फोटो पाठवतात. कशेडीच्या जुन्या घाटात उतरलेला ढग, कठड्यावर भिजत बसलेलं माकड, डांबरावरून वाहणारा ओहोळ, असं काहीबाही. खाली एक अक्षर लिहायचं नाही. बोगदा झाल्यापासून सगळी दुनिया डोंगराच्या पोटातून सुसाट पलीकडे जाते, आणि आमचे धम्मपाल ड्रायव्हर मात्र जुन्या घाटाची वळणं घेत येतात. आई म्हणायची, साठीला आले आणि आता ह्यांना निसर्ग सुचतोय. मला ते फार आवडायचं. दिवसभर केमिकलच्या वासात काढल्यावर बापाने पाठवलेला ढग बघायला कुणाला नाही आवडणार?

त्या दिवशी पहिली पाळी सुटताना फोटो आला, त्यात ढग नव्हता. डॅशबोर्डवरचा लाल दिवा होता, ऑइलच्या प्रेशरचा. खाली पहिल्यांदाच अक्षरं होती: घाटात बंद हॉटेलासमोर हाय, ये. हा दिवा लागला की ट्रकवाला आधी गाडी बाजूला घेऊन बंद करतो. प्रेशर खरंच गेलं असेल तर इंजिन कोरडं घासतं आणि बसतं. मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं, आता इंजिन बसलं तर गाडी भंगारात. आणि ह्या वयात दुसरी गाडी बाबांच्या हातात कोण देणार? गाडी गेली तर हा माणूस घरात बसून काय करेल? दोन दिवस घरात राहिले तर तिसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसून गिअर टाकतील.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. पाइपांवरचे प्रेशरचे मीटर आणि सेन्सर तपासायचे, खोटं बोलणारे काढून टाकायचे, हे माझं काम. आमच्या बिरवाडीत मला प्रियदर्शिनी कमी आणि मीटरवाली जास्त म्हणतात. पोलादपुरात इतके मेस्त्री ओळखीचे असताना बाबांनी मला बोलावलं, ह्याने माझी छाती फुगली होती. साहेबांना विचारून प्रेशर मोजायचा एक काट्याचा गेज घेतला, पोलादपुरातून नवा सेन्सर घेतला (नाही लागला तर परत घेईन म्हणाला दुकानदार) आणि मोटारसायकलला किक मारली.

घाट चढायला लागले तसं मागचं सगळं पुसलं जाऊ लागलं. आधी पोलादपूर गेलं, मग खालची भातखाचरं गेली, मग रस्त्याची दुसरी कडा. एके काळी इथे ट्रकांची रांग हलायची नाही. आता डांबराच्या कडेने शेवाळ चढलंय आणि बंद पडलेल्या हॉटेलाच्या पत्र्यावर नेचे उगवलेत. माझ्याच मोटारसायकलचा आवाज मला परक्यासारखा वाटत होता. झोपेत चालावं तशी मी चढत होते, आणि खरं सांगते, काळजी असूनही मला छान वाटत होतं.

हॉटेलासमोर ट्रक उभा होता. ढग एका खिडकीतून केबिनमध्ये शिरत होता आणि दुसरीतून बाहेर पडत होता. लहानपणी बाबा मला ह्याच रस्त्याने खेडला न्यायचे, तेव्हा मला वाटायचं की आपला ट्रक आभाळातून चाललाय आणि खालचं जग आपल्याला कधीच सापडणार नाही. बाबा पायरीवर बसले होते, एक हात बॉनेटवर ठेवून. मला बघून हसले.

मी विचारलं, इंजिनाचा आवाज कसा येत होता? ठोकत होतं का? बाबा म्हणाले, "तूच आयक गो. तुला जास्त कलतं." मी आणखी फुगले. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल पुरेसं होतं. सेन्सरची वायर काढली, दिवा विझला. वायर इंजिनाला टेकवली, लागला. म्हणजे वायर धड होती. मग जुना सेन्सर काढून त्या जागी गेज लावला, त्याची लांब नळी बाहेर काढून गेज आरशाच्या दांड्याला टांगला आणि बाबांना गाडी चालू करायला लावली. काटा उठला आणि दोन किलो प्रेशरवर उभा राहिला. रेस केल्यावर चारच्या वर गेला. इंजिन गुळगुळीत चाललं होतं, ठोकण्याचं नाव नाही. म्हणजे प्रेशर ठणठणीत होतं आणि खोटं बोलत होता तो सेन्सर. मला त्या ढगात नाचावंसं वाटलं.

नवा सेन्सर बसवायला मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. तो आवळून डोकं बाहेर काढलं आणि बाबांना बजावलं, चालू करा, पण मी ओरडले की लगेच बंद करा. त्यांनी मान हलवली. इंजिन चालू झालं आणि सेन्सरच्या बुडातून ऑइलची चिळकांडी उडाली. वॉशर नीट बसला नव्हता, चूक माझी. मी ओरडले, बंद करा. इंजिन चालूच. पुन्हा ओरडले. माझा आवाज काही नाजूक नाही, कंपनीत कॉम्प्रेसर चालू असतानाही पलीकडच्या टोकाला पोचतो. ऑइल माझ्या बाहीतून काखेपर्यंत गेलं आणि मी शिव्या देत बाहेर आले.

बाबांच्या दाराशी उभी राहिले. ते डॅशबोर्डकडे बघत होते. दिवा विझला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर बाळासारखं हसू होतं. मी म्हटलं, "बाबा." मग मोठ्याने म्हटलं. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता, इतकी मी जवळ होते. त्यांनी मान वळवली नाही.

मी तिथेच उभी राहिले. फोन न करणं, टीव्हीच्या मोठ्या आवाजावरून आईशी रोजची भांडणं, वर्षावासात विहारातल्या ग्रंथवाचनाला लवकर जाऊन अगदी पुढे बसणं, सगळं एकेक करून माझ्याजवळ येऊन उभं राहिलं. मेस्त्री सोडून मला का बोलावलं, तेही कळलं. मेस्त्री पहिला प्रश्न आवाजाचा विचारतो, आणि 'तूच आयक' म्हटल्यावर तो माझ्यासारखा फुगत नाही. मला राग आला, त्यांचा आला आणि त्याहून माझा आला. रोज मीटरचं खोटं पकडणारी मी, आणि घरात बापाने झाकली मूठ ठेवली ती मला दिसली नाही.

शेवटी खांद्याला हात लावला. ते दचकले, मग माझी बाही बघून घाईघाईने इंजिन बंद केलं. मी वॉशर बदलला, सेन्सर पुन्हा आवळला. ह्या वेळी तेलाचा थेंब आला नाही. इंजिन चालू होतं, दिवा विझलेला होता, गाडी वाचली होती. बाबा खाली उतरून हात पुसत उभे राहिले. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही?

त्यांनी आधी इंजिनाच्या आवाजावर ढकललं. मग हात पुसायचे थांबले.

"बोगद्यात मागनं हॉर्न मारतात गो," ते म्हणाले. "कोन कुठनं येतो, काय समजत नाय. हितं मागं कोन नसतो."

मग ढगांचे फोटो, मी विचारलं.

"ते तुला आवडतात म्हनून धाडतो."

मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी वळले आणि दरीकडे तोंड करून उभी राहिले. दरी दिसत नव्हती, नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यातून एखादी शाळेची बस येईल, एखादा मोटारसायकलवाला येईल, हॉर्न देईल आणि बाबा आपल्या तंद्रीत वळण घेतील, हे मला लख्ख दिसलं. जी गाडी वाचवायला धावत आले होते तीच त्यांच्या हातून मला काढून घ्यायची होती. मी सगळा जीव गोळा करून म्हणाले, "बाबा, आता गाडी चालवायची नाही. मी पोलादपुरातून ड्रायव्हर बोलावते. चावी माझ्याकडे द्या."

मागून काहीच आलं नाही. वाटलं, रागावले. वाटलं, रडतायत. मी तशीच उभी राहिले, उत्तराची वाट बघत.

मग माझ्या ध्यानात आलं. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मी वळले. बाबा माझ्या तोंडाकडेच बघत होते, मी काय म्हणते ते ओठांवरून कळावं म्हणून. मग मी ते सगळं पुन्हा, सावकाश म्हणाले.