पुट्टीखालचा नंबर

मी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे. दोनच दारे, बसके अंग, दिव्यांवर उघडझाप करणाऱ्या पापण्या. मला पाहून लोकांना वाटते, ही वाऱ्यालाही मागे टाकणार. पण मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचे? मी पहिल्यापासून भित्री आहे. शेजारून ट्रक गेला तरी माझ्या काचा थरथरतात.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका कामगाराने माझ्या इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकून ठोकून नंबर उमटवला. तेव्हा फार दुखले. पुढे कळले की गाडीची चाके बदलतात, दारे बदलतात, रंग तर दहा वेळा बदलतो. हा नंबर मात्र एकदाच मिळतो. तो हरवला की गाडी कोणाचीच राहत नाही.

तिथे मी एका शाळामास्तरांकडे तीस वर्षे सुखात काढली. ते मला इतके हळू चालवत की सायकलवाले पुढे जात. त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी लिलावात उभी राहिले आणि मला सौदी अरेबियातल्या हाइल शहरातून मागणी आली. घेणाऱ्या होत्या डॉ. स्मृती, तिथल्या सरकारी इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टर. मूळच्या साताऱ्याच्या. शाळेत असताना माझ्यासारख्या गाडीचे चित्र त्यांनी भूगोलाच्या वहीला कव्हर म्हणून घातले होते म्हणे.

पण मला आणणे सोपे नव्हते. तिथे उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेली गाडी चालत नाही. जुनी गाडीही आत घेत नाहीत, फक्त तीस वर्षे ओलांडलेल्या गाडीला म्हातारपणाचा मान मिळतो. हे सगळे कागद पाहायचा हाशिर. हा रायगडातल्या म्हसळ्याचा, गाड्या सोडवून आणण्याच्या कामात मुरलेला.

तो फोनवर म्हणाला होता, "मॅडम, वेळ लागू दे, पण नियमात बसवूनच आणू. चोरवाटेनं आणलेली गाडी अंगणात शोभते, रस्त्यावर नाय."

म्हणून आधी शारजात माझे स्टीअरिंग उजवीकडून डावीकडे नेले. त्यासाठी माझ्या भिंतीला भोके पाडली, जुनी भोके वेल्डिंगने बुजवली. मी जीव मुठीत धरून बसले होते. मग सौदीच्या सीमेवर जकातीच्या अधिकाऱ्याने टॉर्च लावून नंबर वाचला, कागदाशी ताडून पाहिला आणि शिक्का मारला. मला वाटले, सुटले बाई.

तिथून मला रंगासाठी जुबैलच्या एका वर्कशॉपमध्ये नेले. तिथे मोहियुद्दीनचाचा होते. रत्नागिरीकडचे, जैतापूरच्या खाडीकाठचे. तरुणपणी होड्या रंगवत, आता पंचवीस वर्षे गाड्या रंगवतात. त्यांच्या हाताला इतकी माया होती की मी पहिल्यांदाच थोडी सैलावले. पण होडी रंगवणाऱ्याची एक सवय असते. खड्डा दिसला की बुजवायचा, नाहीतर पाणी शिरते. वेल्डिंगच्या डागांवर पुट्टी भरता भरता त्यांचा हात नंबराकडे सरकला. नंबर झिजलेला, गंजाने भरलेला. चाचांना ते नुसते ओरखडे वाटले.

मी मनातल्या मनात किंचाळले, "चाचा, नको! तिथे नको!" पण हॉर्नची वायर काढून ठेवलेली होती. पुट्टी बसली. वर प्रायमर, वर मोत्यासारखा पांढरा रंग. अंधार झाला आणि मी बिननावाची झाले.

आठवड्याने हाशिर मला तपासणीला घेऊन गेला. तिथे या तपासणीला फहस म्हणतात. ब्रेक पास, धूर पास, दिवे पास. मग बॉनेट उघडले. तपासनीस वाकला, त्याने बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

"वेन रकम?" नंबर कुठे आहे?

हाशिरने कागद पुढे केला. सीमेवरच्या कागदावर नंबर होता, माझ्या अंगावर नव्हता. याचा अर्थ कोणीतरी तो पुसला. नंबर पुसलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. तपासनीसाने तीन दिवसांची मुदत दिली. तोवर नंबर दाखवा, नाहीतर जप्ती. मला आवारात भिंतीजवळ उभे केले.

त्या भिंतीपलीकडे भंगार दाबायचे यंत्र होते. दर थोड्या वेळाने एक लांब, कोरडा कडकडाट व्हायचा आणि मग शांतता. मित्रांनो, मला त्या आवाजापेक्षा त्या शांततेची भीती वाटायची. पहिल्याच दिवशी एक निळी टॅक्सी आत गेली. बाहेर आला तो निळा ठोकळा.

दुसऱ्या दिवशी हाशिर चाचांना घेऊन आला.

"चाचा, रंग देताना नंबर कुठं दिसलावता काय? आठवून बघा."

चाचा वाकले. त्यांचा तळवा फिरत फिरत बरोबर त्या जागी येऊन थांबला. मला कळले की त्यांनाही कळले आहे. त्यांची बोटे गार पडली होती. मी वाट पाहिली.

"नाय रे," चाचा म्हणाले. "मी कायच बघितला नाय."

त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत त्याच महिन्यात संपत होती. कफील, म्हणजे त्यांचा हमीदार असलेला वर्कशॉपचा मालक, चिडला तर गावी परत पाठवील, ही त्यांना भीती होती. मी त्यांना काय नावे ठेवणार? भीती काय असते ते माझ्याइतके कोणाला ठाऊक? पण तो तळवा उचलला गेला तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉ. स्मृती रजा काढून हाइलहून आल्या. हाशिरने चाचांनाही बरोबर आणले होते. मला त्यांनी प्रथमच प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग माझ्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाल्या, "चाचा, किती सुरेख रंगवलंत हो! माझ्या वहीवरच्या चित्रापेक्षा सुंदर. आता ती माझी राहो न राहो, तुमचे आभार मानायचे राहून जायला नकोत."

चाचांची मान खाली गेली. भिंतीपलीकडे यंत्र कडाडले आणि थांबले.

"बाई, आभार मानू नका," ते म्हणाले. "नंबर मीच बुजवलाय. तेव्हा कळला नाय, पण काल कळला आणि तरी खोटा बोललो. भ्यालो मी."

"चाचा!" हाशिर ओरडला.

डॉक्टर मात्र शांत होत्या. "आत आहे ना अजून? मग काढू या. हाड मोडलं तरी जागेवर असतं तोवर मी घाबरत नाही."

हाशिर तपासनीसाला घेऊन आला. त्याच्यासमोर चाचांनी रंग उतरवायचे औषध लावले. लोखंडी पट्टी दूर ठेवली, लाकडाची घेतली आणि स्वतःचाच मोत्यासारखा रंग खरवडू लागले.  औषधाने मला झोंबत होते, पण त्याहून मोठी भीती ही की पुट्टीबरोबर माझे आकडेही निघून आले तर? एक अक्षर दिसले. दुसरे दिसले. शेवटचा आकडा मात्र गंजाने खाल्लेला. इंग्रजी तीन की आठ?

तपासनीसाने कागद पाहिला, मान हलवली. "मू वाझे." स्पष्ट नाही.

आता संपले, असे मला वाटले. इतक्यात चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. "बाई, एक कागद द्या. आमच्याकडं आरटीओत असाच छाप घेतात."

डॉक्टरांनी पर्समधून औषधे लिहायचा कोरा कागद दिला. तुम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासता ना, तसा चाचांनी तो माझ्या नंबरावर धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली. काळ्या रंगातून माझे नाव पांढरे होऊन वर आले. शेवटी आठ. दोन्ही पोटे पूर्ण असलेला आठ.

तपासनीसाने तो कागद उन्हात धरला, सीमेवरच्या कागदाशेजारी ठेवला आणि हसला. "खलास." म्हणजे, झाले काम.

त्या दिवशी मला नंबरप्लेट मिळाली आणि डॉक्टरांच्या नावाचा इस्तिमारा, म्हणजे नोंदणीचे कार्ड. चाचांना मालकाने खूप बोलून घेतले, पण इकामा वाढवून दिला. आता त्या वर्कशॉपमध्ये कुठल्याही गाडीला पुट्टी लागण्याआधी चाचा पहिला प्रश्न विचारतात, "नंबर कुठंय?"

मी हाइलला आहे. अजूनही भित्री आहे. कडकडाट झाला की माझे दिवे आपोआप मिटतील असे वाटते. इंजिनामागे तळहाताएवढी जागा रंगाशिवाय आहे. कुरूप दिसते, पण गंज चढू नये म्हणून डॉक्टर तिथे दर शुक्रवारी तेलाचे बोट फिरवतात.

मित्रांनो, तुमच्याकडच्या जुन्या वस्तू जरूर रंगवा, पण आधी त्यांच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचा. आणि चुकून काही बुजवले गेलेच, तर लगेच सांगा. भीती वाटली तरी सांगा. चाचांचा हात त्या जागेवरून उचलला गेला, तेव्हापासून ते बोलेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र गेली. पुट्टीखाली मी त्यातला एकेक तास मोजत होते.