वेढ्यात अडकलेला जनरल

राधाकिसनच्या पिंडाला कावळा शिवेना. केदारखेड्याच्या नदीवर दहाव्याला अख्खी भावकी उन्हात ताटकळली होती. बाभळीवर कावळे म्हणाल तर चारशे, पण खाली उतरेल तर शपथ!

"काका, तुमच्या पोरीचं, प्रांजलीचं लग्न मी लावून देतो," पुतण्या बिभीषणनं हात जोडले. कावळे ढिम्म.

"दर्भाचा कावळा करून शिववू," बद्रीनाथ महाराज घड्याळ बघत म्हणाले.

"बिलकुल न्हाई!" राधाकिसनची बायको वच्छलाबाई कडाडली. "यांचा जीव त्या जर्मन जनरलात अडकलाय. रखमाजी भावजी, सांगा त्याचं पुढं काय झालं!"

सगळ्या माना राधाकिसनच्या जुन्या दोस्ताकडं, रखमाजीकडं वळल्या. भोकरदनच्या बाजारातून त्यानं आणलेल्या जनरलच्या पुस्तकाची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. जनरल क्राउसे पहिल्या महायुद्धात साधा शिपाई. दुसऱ्यात रणगाडे घेऊन पोलंडात घुसला, फ्रान्सात घुसला, अन् रशियाच्या बर्फात फौजेसकट वेढला गेला. वरून हुकूम आला : मरा, पण हटू नका. पुस्तक तिथंच संपलं. राधाकिसननं खाट धरली तेव्हापासून तीन वर्षं रखमाजी रोज मनानंच काही रचून जनरलला त्याच बर्फात उभा ठेवी. पुढचं ऐकायचं म्हणून राधाकिसन मुकाट औषध गिळी.

रखमाजीनं घसा खाकरला. "राधाकिसन, जनरलनं वेढा फोडला! मॉस्कोवर झेंडा लावला!"

कावळ्यांनी पाठ फिरवली.

"मेल्यालाबी थापा मारून राह्यला म्हातारा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"न्हाई, न्हाई... लढता लढता मेला. वाघासारखा!"

दोन कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले. रखमाजीच्या मनात आलं, दोस्त असाच लटकत राह्यला तर? अन् तोही आपल्या जिभेपायी?

तो मटकन वाळूत बसला. आवाज अगदी खाली आला.

"हरला रे तो. केव्हाच हरला होता. हुकुमापायी हजारो पोरं गारठून मेली, अन् मंग यानं हात वर केले. पहिल्याच महिन्यात करायला पायजे होते. पण मीच त्याला उभा ठेवला, तू टिकावास म्हणून. आता सोडला त्याला. तूबी जाय."

फडफड झाली. एका कावळ्यानं भातात चोच खुपसली, अन् बघता बघता पिंडावर काळा ढग उतरला.

वच्छलाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "अन् राह्यलेली पोरं पोचली का हो घरी?"

"थोडी पोचली, वैनी," रखमाजी म्हणाला, अन् उठायला त्यानं बिभीषणचा हात मागितला.